काळा दगड, पिवळे हात

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठावर खापा हे विणकरांचे जुने गाव आहे. त्याच्याच परिसरात गुमगावची मँगनीज खाण आहे. हातात घेतला तर जड लागणारा, बोटे काळी करणारा हा दगड शंभर वर्षांपूर्वी जगातल्या लढायांसाठी अत्यावश्यक माल होता. मँगनीजशिवाय चांगले पोलाद होत नाही. ते वितळलेल्या लोखंडातला प्राणवायू आणि गंधक बांधून घेते, त्यामुळे पोलाद ठिसूळ राहत नाही. रॉबर्ट हॅडफिल्ड या ब्रिटिश धातुतज्ज्ञाने १८८२ मध्ये सुमारे १२ टक्के मँगनीज असलेले पोलाद तयार केले. १९१५च्या अखेरीपासून ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर जी शिरस्त्राणे आली, ती याच जातीच्या पोलादाची होती.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद झाली आणि रशियन साम्राज्यातले मँगनीज अडकून पडले. दोस्त राष्ट्रांच्या पोलाद कारखान्यांसाठी भारताचे, त्यातही नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या पट्ट्याचे महत्त्व वाढले. तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या या खाणी बहुतांशी उघड्या होत्या. पुरुष दगड खणून काढत. तो हातोडीने फोडणे, चांगला माल वेचणे आणि टोपलीत भरून डोक्यावरून वाहणे या कामांत बायका मोठ्या संख्येने असत.

युद्धकाळातल्या कारखान्यांत राबलेल्या मुलींवर इंग्रजीत किशोरवयीन वाचकांसाठी अनेक पुस्तके निघाली आहेत. त्यांतल्या नायिका लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या असतात. कथा म्हणून ती वाचनीय असतात, पण त्या मुलींच्या शरीरांवर जे घडले ते आरोग्यशास्त्राचाही धडा आहे. विष कोणते, यापेक्षा ते शरीरात कोणत्या वाटेने शिरते, हे कळल्यावरच माणसे वाचू लागली. हात, ओठ आणि श्वास या त्या तीन वाटा. तिसरी वाट खाप्याच्या परिसराला जवळची आहे.

हातांतून गेलेले विष

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांत टीएनटी हे स्फोटक भरण्याचे काम हजारो बायका-मुली करत होत्या. काही आठवड्यांत त्यांचे हात, चेहरे आणि केस पिवळे-नारिंगी होत. लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणत, म्हणजे पिवळ्या रंगाची चिमणीएवढी चिवचिवणारी पाखरे. रंगाची थट्टा झाली, पण काहींच्या डोळ्यांतला पिवळेपणा वेगळा होता. ती यकृत निकामी होत असल्याची खूण होती.

स्फोटाची भीती उघड होती. ५ डिसेंबर १९१६ रोजी लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात ३५ स्त्रिया एका स्फोटात मृत्युमुखी पडल्या. यकृताचा आजार मात्र आवाज करत नाही. तो दिसू लागला तो नोंदणीमुळे. टीएनटीमुळे होणारी विषारी कावीळ १९१६च्या सुरुवातीपासून सरकारला कळवणे बंधनकारक झाले आणि त्या एका वर्षात १८१ रुग्ण, ५२ मृत्यू अशी संख्या पुढे आली.

आधी सगळा भर वाफेवर आणि धुळीवर होता, म्हणून नाकातोंडाला जाळीचे मुखवटे देण्यात आले. बेंजामिन मूर या शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये दाखवून दिले की टीएनटी मुख्यतः कातडीतून आत जाते. ते मेदात विरघळते, त्यामुळे घामट, उघड्या तळहातांतून सहज मुरते. मग कामाची पद्धत बदलली. स्फोटकाला हात कमीत कमी लागेल अशी व्यवस्था झाली, हवा खेळती ठेवली गेली, कामगारांना आलटून पालटून दुसरे काम मिळू लागले आणि ठरावीक दिवसांनी तपासणी होऊ लागली. १९१८ मध्ये मृत्यूंची संख्या १० वर आली. टीएनटी तेच होते.

ओठांवरचा कुंचला

त्याच काळात अमेरिकेत घड्याळांच्या आणि विमानांतल्या उपकरणांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावला जात होता. अंधारात चमकणारे आकडे सैनिकांना हवे होते. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी १९१७ पासून या कामावर अनेक तरुण मुली होत्या, काही तर नुकत्या शाळा सोडलेल्या. बारीक आकडा रंगवण्यासाठी कुंचल्याला टोक हवे, म्हणून तो ओठांत धरून टोकदार करायचा, असे त्यांना शिकवले होते. दर वेळी थोडे रेडियम पोटात जात होते.

रेडियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचे भावंड आहे. शरीर फसते आणि त्याला हाडांत जागा देते. तिथून ते वर्षानुवर्षे किरणोत्सार करत राहते, कारण त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे १,६०० वर्षे लागतात. आधी दात पडले, मग जबडे कुजले, पुढे हाडांचे कर्करोग झाले. हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२५ मध्ये या मुलींच्या शरीरातला किरणोत्सार मोजून कारण सिद्ध केले. पाच जणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल याची ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा अमेरिकेत १९४१ मध्ये ठरली, ती मुख्यतः या मुलींच्या मोजमापांवरून. पुढे अणुबाँबच्या प्रकल्पात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठीही त्याच अनुभवाचा आधार घेतला गेला.

श्वासातली काळी धूळ

आता पुन्हा मँगनीजकडे. अन्नातून दिवसाला सुमारे दोन मिलिग्रॅम मँगनीज शरीराला लागतेच. पोटातून जास्त आले तर यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. धुळीतून किंवा धुरातून आलेले मँगनीज ही चाळणी टाळते. ते फुफ्फुसातून थेट रक्तात उतरते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर ते नाकातल्या गंधाच्या मज्जातंतूवरून मेंदूकडे सरकतानाही आढळले आहे.

याचा पहिला वैद्यकीय अहवाल १८३७ सालचा आहे. ग्लासगोजवळच्या एका रसायन कारखान्यात मँगनीजचे दगड दळणारे मजूर लटपटत, पुढे झुकून चालू लागले होते, त्यांचा आवाज क्षीण झाला होता. कूपर या डॉक्टरांनी ते नोंदवले. मोरोक्कोतल्या खाणींचा १९५५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही उद्धृत होतो. कोरड्या खडकात छिद्रे पाडणाऱ्या कामगारांना हा आजार जास्त होतो, हे त्यातून ठळक झाले. अखंड दगडापेक्षा त्याचे बारीक पीठ घातक असते. त्यामुळे छिद्र पाडणे, दळणे, चाळणे आणि झाडणे ही कामे धोक्याची ठरतात.

आजाराची सुरुवात फसवी असते. थकवा, चिडचिड, झोप न लागणे, कारण नसताना हसू किंवा रडू येणे. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. चिलीतल्या खाणकामगारांत याला ‘मँगनीजचे वेड’ असे नावच पडले होते. पुढे चेहरा भावशून्य होतो, बोलणे एकसुरी होते, अक्षर बारीक होत जाते, उलटे चालता येत नाही. काही रुग्ण टाचा उचलून, कोंबड्यासारखे चवड्यांवर चालतात. हे पार्किन्सनसारखे वाटते, पण मेंदूतली जागा वेगळी असते. मँगनीज प्रामुख्याने ग्लोबस पॅलिडस या भागात साठते. म्हणूनच पार्किन्सनवर गुणकारी ठरणारे लेव्होडोपा इथे सहसा फारसे उपयोगी पडत नाही. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो. त्यामुळे सुरुवातीच्या खुणा ओळखणे हाच खरा इलाज.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आतड्यात लोह आत घेणारी वाहक प्रथिने मँगनीजलाही आत घेतात. रक्तात लोह कमी पडले की शरीर ही दारे वाढवते आणि लोहाबरोबर मँगनीजही जास्त शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. काळे झालेले हात न धुता भाकरी खाणाऱ्या मजूर बाईला तीच धूळ रक्तक्षय नसलेल्या पुरुषापेक्षा जास्त लागू शकते.

बंदी उठली ती युद्धासाठी

स्त्रियांना खाणीच्या पोटात पाठवू नये, यासाठी भारतात १९२९ मध्ये नियम झाले आणि १९३७ पर्यंत भूमिगत काम त्यांच्यासाठी पूर्ण बंद झाले. दुसऱ्या महायुद्धात पुरुष मजूर लष्करी बांधकामांकडे गेले, कोळसा कमी पडला आणि ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. सुरुवात मध्य प्रांतातल्या कोळसा खाणींपासून झाली, नंतर बंगाल आणि बिहार. ब्रिटिश संसदेतही यावर वाद झाला. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी परत लागू झाली.

मोजदादीचे काय? १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या मूळ यादीत व्यवसायजन्य आजार मोजून तीन होते: अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा. मँगनीज त्यात नव्हते. त्याच काळात मध्य प्रांतातून ते जहाजे भरून जात होते. ब्रिटनमध्ये टीएनटीच्या मृत्यूंची संख्या खाली आली, कारण आधी ती संख्या लिहिली गेली होती. यादीतच नसलेल्या आजाराचा आकडा वर येत नाही आणि खालीही येत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे बदलले. १९४८च्या कारखाने कायद्यातल्या सूचनापात्र आजारांच्या यादीत मँगनीजची विषबाधा आली. १९५२च्या खाण कायद्याखालीही मज्जासंस्थेवर परिणाम करणारी मँगनीज विषबाधा सूचनापात्र ठरली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने अटींसह स्त्रियांना भूमिगत खाणकामाची परवानगी दिली. १९४३ मध्ये दार उघडले ते कोळसा कमी पडला म्हणून. या वेळी त्यामागे शिकलेल्या मुलींच्या रोजगाराचा विचार होता. धूळ मात्र दोघींना सारखीच ओळखते.

धोका आजही शेजारी

युद्ध नसले तरी दारूगोळा तयार होतच असतो. नागपूर जिल्ह्यात खाणकाम आणि संरक्षण या दोन्ही क्षेत्रांसाठी स्फोटके बनवणारे कारखाने आहेत आणि त्यांत स्त्रिया काम करतात. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात नऊ कामगार गेले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. १३ जून २०२४ रोजी धामणा येथे झालेल्या स्फोटातही मृतांत बहुतांश स्त्रियाच होत्या. अशा दिवशी बातमी होते, चौकशी लागते, भरपाई जाहीर होते. हातांतून आणि श्वासातून रोज थोडे थोडे जाणारे विष पहिल्या पानावर येत नाही.

त्यावरचे उपाय साधे आहेत आणि शंभर वर्षांच्या अनुभवातून आलेले आहेत. छिद्र पाडताना, दगड फोडताना पाणी मारल्याने धूळ उडत नाही. कोरड्या झाडूपेक्षा ओले पुसणे बरे. तोंडाला साडीचा पदर किंवा ओढणी बांधून बारीक धूळ अडत नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा, धुळीसाठी बनवलेला मुखवटाच लागतो आणि तो देणे मालकाचे काम आहे. जेवणाची जागा कामापासून वेगळी हवी. खाण्याआधी, तंबाखू मळण्याआधी साबणाने हात धुवावेत. कामाचे कपडे घरी आणू नयेत, आणावे लागलेच तर मुलांच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. चालण्यात, बोलण्यात, अक्षरात किंवा स्वभावात बदल दिसला तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये.

यात डॉक्टरांची जबाबदारी मोठी आहे. कारखान्यातल्या कामगाराला सूचनापात्र आजार असल्याचा संशय आला, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवले पाहिजे, असे कायदा सांगतो. हे बंधन खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरलाही आहे. इटलीतले बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी सांगितले होते की रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: तुम्ही काम काय करता? हातापायाला कंप सुटला, पाय अडखळतात म्हणून सावनेर-खाप्याच्या एखाद्या दवाखान्यात मजूर बाई आली, तर केसपेपरवर वय आणि वजनाच्या खाली या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले असायला हवे. ते लिहिले नसेल, तर पुढची कुठलीच नोंद होणार नाही.