फळ घरीं कुजतें, रोग बागेंत लागतो

अलीकडे मुंबई-पुण्याच्या फळबाजारांत अ‍ॅव्होकॅडो नांवाचें फळ सर्रास दिसूं लागलें आहे. एखादी गृहिणी मोठ्या हौसेनें हें महाग फळ घरीं आणते. आणतेवेळीं तें टणक, हिरवेंगार व निर्दोष असतें. चार-पांच दिवस तें टोपलींत पिकत पडतें, आणि पाहुण्यांसमोर सुरी चालवावी तों आंत काळेतपकिरी चट्टे, लिबलिबीत झालेला गर आणि कडवट वास! साहजिकच दोष दुकानदाराच्या माथीं येतो. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखवितो, व्यापारी वाहतुकीकडे. ह्या सर्वांच्या हातून थोडीबहुत हयगय होत असेलहि. परंतु मूळ अपराध बहुधा ह्यांपैकीं कोणाचाच नसतो. ज्या दिवशीं त्या फळाच्या नाशास आरंभ झाला, त्या दिवशीं तें झाडावर होतें, अजून पुरतें वाढलेंहि नव्हतें, आणि त्याच्यावर पावसाचा एक थेंब उडाला होता.

ही गोष्ट नीट समजण्यासाठीं प्रथम त्या झाडाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. अ‍ॅव्होकॅडोचें मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका. दालचिनी आणि तमालपत्र ज्या कुळांतील, त्याच कुळांतील हें झाड आहे. ह्याचा गर गोड नसून लोण्यासारखा स्निग्ध असतो. म्हणून दक्षिण भारतांत ह्यास 'बटर फ्रूट' असेंहि म्हणतात. ह्या फळाचा एक विशेष मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आंबा झाडावर पाडाला लागतो. अ‍ॅव्होकॅडो झाडावर पिकत नाहीं. तें महिनेच्या महिने टणकच लोंबकळत राहतें आणि तोडल्यानंतरच पिकूं लागतें. बाजारभाव पाहून फळ उतरवावयास बागाइतदाराला ही मोठी सोय आहे. परंतु फळ जितके दिवस झाडावर, तितके दिवस तें रोगाच्या माऱ्यांत, हेंहि तितकेंच खरें.

आज जागतिक व्यापारांत ज्या 'हास' जातीचें वर्चस्व आहे, ती दक्षिण कॅलिफोर्नियांतील रुडॉल्फ हास नांवाच्या एका पोस्टमनच्या मळ्यांत निपजली. १९३५ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. तो मुलूख कोरडा. तेथें जो कांहीं पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यांत, आणि उन्हाळा जवळजवळ निरभ्र जातो. त्यामुळें तेथील बागाइतदाराला फळकुजीची फारशी धास्ती नसते. हेंच झाड ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत गेलें तेव्हां मात्र चित्र पालटलें. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथें डिसेंबर ते मार्च हा उन्हाळा, आणि उन्हाळा हाच पावसाळा. वसंतांत मोहोर येऊन धरलेलें फळ नेमकें ह्याच दमट, उबदार दिवसांत वाढत असतें. झाड तेंच, जात तीच. पण आकाश बदललें आणि त्याबरोबर नशीबहि बदललें.

ह्या रोगास इंग्रजींत 'अँथ्रॅक्नोज' म्हणतात; आपल्याकडील शेतकरी त्याला करपा म्हणतो. तो 'कोलेटोट्रायकम' नांवाच्या बुरशीपासून होतो. पूर्वीं जिला एकच जात समजत, ती अनेक जवळच्या जातींचा एक मोठा गोतावळाच आहे, असें अलीकडील संशोधनानें ठरविलें आहे. कोंकणांतील आंबेवाल्यांना हा शत्रु अपरिचित नाहीं. आंब्याचा मोहोर काळा पाडणारी आणि पिकलेल्या फळावर काळे ठिपके उठविणारी बुरशी ह्याच गोतावळ्यांतली.

ही बुरशी झाडावरच, पण मेलेल्या भागांवर वसति करून राहते: वाळलेल्या डहाळ्या, फांद्यांत अडकून राहिलेलीं सुकीं पानें, सुकून काळीं पडलेलीं व न गळलेलीं जुनीं फळें. अशा ठिकाणीं तिचे असंख्य बीजकण तयार होतात. बीजकण म्हणजे बुरशीचें बीं. तें इतकें सूक्ष्म असतें कीं, एका मिलिमीटरच्या लांबींत असे साठ-सत्तर कण ओळीनें बसतील. हे कण एका चिकट द्रवांत लडबडलेले असल्यामुळें वारा त्यांना सहसा उडवूं शकत नाहीं. पाऊस पडला कीं तो चिकटा विरघळतो, आणि उसळणाऱ्या थेंबांबरोबर कण खालच्या पानांवर व फळांवर शिंपडले जातात. म्हणजे ह्या रोगाचें वाहन वारा नव्हे, पाणी.

फळावर पडलेल्या कणाला ओलावा मिळाला कीं कांहीं तासांतच त्याला अंकुर फुटतो. अंकुराच्या टोंकाला एक काळसर, जाड भिंतीची गांठ तयार होते व ती सालीला घट्ट चिकटते. ह्या गांठींत मोठा दाब निर्माण होतो, आणि त्या दाबाच्या जोरावर एक अतिसूक्ष्म खिळा सालीवरील मेणाच्या थरांत घुसतो. आतां फळाचा फडशा पडणार, असें वाटावें; पण येथें एक नवल घडतें. बुरशी थांबते. ती मरत नाहीं, वाढतहि नाहीं. दार फोडून उंबरठ्यावर दबा धरून बसलेल्या चोरासारखी ती महिनोन् महिने निश्चल राहते. बिन्यामिनी व शिफमान-नादेल ह्या इस्राएली संशोधकांनीं १९७२ सालीं ह्या सुप्त अवस्थेचें वर्णन प्रसिद्ध केलें. वरून पाहतां फळ तुळतुळीत व निरोगी दिसतें. म्हणूनच बागाइतदाराला कांहीं कळत नाहीं, आणि व्यापाऱ्यालाहि कळत नाहीं.

बुरशी कां थांबते, ह्या प्रश्नाचें उत्तर १९८२ सालच्या सुमारास इस्राएलचे डोव्ह प्रुस्की व अमेरिकेंतील नोएल कीन आणि त्यांचे सहकारी ह्यांच्या संशोधनांतून मिळूं लागलें. कच्च्या अ‍ॅव्होकॅडोच्या सालींत एक स्निग्ध जातीचें द्रव्य असतें; रसायनशास्त्रज्ञ त्याची गणना 'डायीन' वर्गांत करतात. तें ह्या बुरशीला मारक आहे. सालींत तें पुरेसें आहे तोंपर्यंत बुरशीला पाऊल पुढें टाकतां येत नाहीं. म्हणजे हें द्रव्य त्या फळाचा पहारेकरीच होय. फळांतच लायपॉक्सिजिनेज नांवाचें दुसरें एक द्रव्य आहे, तें ह्या पहारेकऱ्याचा नाश करूं शकतें. परंतु कच्च्या सालींत एपिकॅटेचिन नांवाचें तिसरें द्रव्य असतें आणि तें त्या मारेकऱ्याचे हात बांधून ठेवतें. चहाच्या पानांत आढळणारें तें हेंच. फळ पिकूं लागलें कीं एपिकॅटेचिन घटतें. मारेकरी मोकळा होतो. पहारेकरी मारला जातो. आणि उंबरठ्यावरचा चोर उठून घरांत शिरतो. आंब्याच्या सालींतहि अशींच कांहीं संरक्षक द्रव्यें असतात व पिकतांना तींहि घटतात, असें पुढें दिसून आलें. फळ खाण्यालायक होण्याची घटका आणि त्याच्या नाशाची घटका एकच असावी, हा निसर्गाचा मोठा विचित्र योग आहे.

आंत शिरल्यावर बुरशी अमोनिया सोडते. त्यामुळें भोंवतालच्या गराची आम्लता कमी होते, आणि पेशींना एकत्र सांधणारें पेक्टिन विरघळविण्यास बुरशीच्या पाचकद्रव्यांना अनुकूल स्थिति मिळते. सालीवर वाटोळे, काळे, किंचित् खोलगट डाग पडतात. हवा दमट असेल तर त्यांवर गुलाबीसर चिकटा दिसतो. 'हास' जातीची साल पिकतांना आपोआपच काळी पडत असल्यामुळें हे डाग लपून जातात, आणि सुरी लावीपर्यंत पत्ता लागत नाहीं. कूज देठापासून सुरू होऊन खालीं उतरत असेल व गरांत तपकिरी दोरे दिसत असतील, तर ती बहुधा दुसऱ्या कांहीं बुरशींची 'देठकूज' असते. ह्या बुरशीहि मेलेल्या डहाळ्यांवर वाढतात व देठाच्या वाटेनें आंत येतात.

रोगाची ही रीत कळली म्हणजे उपाय कोठें व केव्हां करावयाचा, हेंहि उघड होतें. पहिला उपाय झाडाच्या स्वच्छतेचा. वाळक्या डहाळ्या छाटून काढणें, सुकलेलीं फळें उतरवून बागेबाहेर नेणें, फांद्या विरळ करून ऊन व वारा आंत येऊं देणें, हीं कामें कंटाळवाणीं खरीं, पण बीजकणांची कोठारेंच त्यांनीं नाहींशीं होतात. दुसरा उपाय तांब्याच्या फवाऱ्याचा. मोरचूद व चुना ह्यांचें बोर्डो मिश्रण फ्रान्समधील मिलार्दे ह्या शास्त्रज्ञानें १८८५ सालीं द्राक्षांच्या रोगासाठीं पुढें आणलें; आपल्याकडील बागाइतदारहि तें चांगलें ओळखतात. आज त्याचे अनेक वंशज वापरांत आहेत. परंतु तांबें सालीच्या वरच राहतें. अंकुरणाऱ्या कणाला तें मारतें, मेणांत शिरलेल्याला नाहीं. म्हणून फवारा पावसाच्या आधीं हवा, आणि फळ वाढून नवी साल उघडी पडत जाते म्हणून तो पुन्हां पुन्हां हवा. डाग दिसल्यावर फवारणें म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप लावणें.

ह्या उपायालाहि किंमत आहे. वर्षानुवर्षें फवारलेलें तांबें धुपून जमिनींत सांचतें. न्यू साउथ वेल्समधील अ‍ॅव्होकॅडोच्या बागांच्या मातीचा अभ्यास झाला, तेव्हां तांबें सांचलेल्या मातीपासून गांडुळें दूर राहतात असें आढळलें. फळ वांचविण्यासाठीं जमीन किती शिणवावी, हा प्रश्न मग बागाइतदारापुढें उभा राहतो. म्हणून फळाचा स्वतःचाच पहारा बळकट करण्याकडे संशोधकांचें लक्ष वळलें. क्वीन्सलंडमधील प्रयोगांत 'हास'चें कलम 'व्हेल्व्हिक' ह्या ग्वाटेमाला वंशाच्या खुंटावर बांधलें असतां, 'ड्यूक ६' ह्या मेक्सिकन वंशाच्या खुंटावरील कलमापेक्षां फळांना हा रोग कमी लागला. अशा झाडांच्या पानांत डायीन अधिक होतें, आणि नत्राचें चुन्याशीं असलेलें प्रमाण कमी होतें. नत्राचें खत बेसुमार दिल्यास झाड डोळ्यांना हिरवेंगार दिसतें, पण फळ कुजीला लवकर बळी पडतें, हा ह्यांतला व्यवहारी बोध.

काढणीच्या वेळींहि सावधगिरी लागते. ओलीं फळें तोडूं नयेत. तोडतांना तीं आपटूं किंवा खरचटूं देऊं नयेत. तोडल्यावर लौकर थंड करावींत. टणक फळ पांच ते सात अंश सेंटिग्रेडच्या आसपास ठेवल्यास पिकणें लांबतें व त्याबरोबर बुरशीची जागृतिहि लांबते. पिकवितांना सोळा ते वीस अंशांची हवा चांगली. फार उकाड्यांत फळ पिकण्यापेक्षां कुजण्याचीच घाई करतें. मुंबईच्या मे महिन्यांत ही गोष्ट घरोघरीं अनुभवास येण्याजोगी आहे. घरांत फळ सावलींत, हवेशीर जागीं ठेवावें. तळहातावर धरून हलकेंच दाबून पाहावें, अंगठा रुतवूं नये. मऊ लागतांच शीतकपाटांत ठेवून दोन दिवसांत संपवावें. एवढ्यानें रोग बरा होत नाहीं. चोराला वेळ मात्र थोडा मिळतो.

ह्या सर्व प्रकरणांत सर्वांत मोठी हानि कोणाची होते? घरचें एक फळ जातें, एवढेंच. परंतु एकदां असा अनुभव आलेली गृहिणी पुन्हां तें फळ घेण्यास धजत नाहीं. बागाइतदाराच्या हातून माल गेला तेव्हां तो निर्मळ होता. त्याला बाजारांतील मंदी दिसते, तिचें कारण दिसत नाहीं. कूज आणि तक्रार ह्या दोन्ही त्याच्यापासून शेंकडो कोस दूर घडतात. म्हणूनच जो बागाइतदार डोळ्यांना कांहीं दिसत नसतांना, पावसाच्या आधीं, शिडी लावून झाडावरच्या वाळक्या डहाळ्या काढतो, तो कधीं न पाहिलेल्या एका स्वयंपाकघरांतील ताटाची काळजी घेत असतो. त्या श्रमाचें फळ त्याला झाडावर दिसत नाहीं. तें दिसतें सुरीखालीं, निर्मळ पिवळसर-हिरव्या गरांत.