सर्व्हिसिंगनंतरचा काळा थेंब

गाडी कालच सर्व्हिसिंगहून आणली आणि सकाळी फरशीवर तेलाचा थेंब! घाबरू नका; फिल्टर काढताना सांडलेलं तेलही एखाददोन दिवस ठिबकतं. मात्र डिपस्टिकवर पातळी उतरत असेल, तर गळती खरी.

कौल फुटतं एकीकडे, पाणी टपकतं दुसरीकडे, तेलाचंही तसंच. ते ओघळत खाली येतं, वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून इंजिन थंड असताना पुसून कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन थोडा वेळ चालू ठेवा. पावडरीत ओली रेघ उमटेल. तिचं वरचं टोक शोधा.

पुष्कळदा तिथे ड्रेन बोल्टचा वॉशर निघतो. हा मऊ धातूचा वॉशर एकदा दाबून चपटा झाला की जुनाच पुन्हा नीट बसेल याचा भरवसा नाही. फिल्टरची जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर तेल धारेने जाऊ शकतं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका.