शेवटच्या सहीची किंमत

सिएटल शहराच्या बॅलार्ड भागात एक लहानसं जुनं घर आहे. तीन बाजूंना पाच मजली काँक्रीटच्या भिंती आणि मधल्या खाचेत हे घर. एडिथ मेसफिल्ड या बाईंनी २००६ मध्ये ते विकायला नकार दिला. बोली दहा लाख डॉलरच्या घरात गेली होती, बाई ऐंशी ओलांडलेल्या होत्या. शेवटी बिल्डरने नाद सोडला आणि घराला वळसा घालून व्यापारी संकुल उभं केलं. २००८ मध्ये बाई वारल्या, तेव्हा कळलं की घर त्यांनी त्याच बांधकामावरच्या साइट सुपरिंटेंडेंटच्या नावे केलंय. त्यांना डॉक्टरकडे नेणं-आणणं, जेवणखाण बघणं हे सगळं शेवटी तोच करत होता. पुढे ‘अप’ या ॲनिमेशनपटाच्या प्रसिद्धीसाठी घराला फुगे बांधले गेले आणि चित्रपट बाईंवरूनच सुचला अशी समजूत पसरली. तसं नव्हतं, चित्रपटाचं काम आधीच चालू होतं.

या घराचा फोटो दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सॲपवर येतो, खाली ‘याला म्हणतात जिद्द’. असाच दुसरा फोटो चीनच्या चोंगचिंगमधला, २००७ सालचा. चारी बाजूंनी खोल खणलेला खड्डा आणि मधोमध मातीच्या सुळक्यावर दोन मजली घर. आजूबाजूची २८० कुटुंबं पैसे घेऊन निघून गेली होती, हे एक जोडपं राहिलं. वीज-पाणी तोडल्यावर नवरा वर झेंडा लावून बसला आणि बायको खाली पत्रकारांना मुलाखती देत राहिली.

फोटोत जिद्द दिसते, सातबारा दिसत नाही. मेसफिल्डबाईंची जमीन त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. त्यांनी ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारची असते, रहिवाशाकडे फक्त वापराचा हक्क. खासगी मालमत्तेला संरक्षण देणारा कायदा तिथे त्याच मार्चमध्ये संमत झाला होता, त्यामुळे त्या जोडप्याकडे साऱ्या देशाचं लक्ष लागलं. २ एप्रिलला तडजोड झाली आणि त्याच रात्री घर पाडलं गेलं. जिद्द दोघांकडे सारखीच होती, फरक कागदाचा होता.

अमेरिकेतही कागद दरवेळी कामाला येतोच असं नाही. अटलांटिक सिटीत व्हेरा कोकिंग यांचं समुद्राजवळ घर होतं, १९६१ मध्ये २०,००० डॉलरला घेतलेलं. आधी एका मासिकाच्या मालकाने कॅसिनोसाठी त्यांना दहा लाख देऊ केले. त्या हलल्या नाहीत, तेव्हा त्याने घराच्या डोक्यावरून लोखंडी सांगाडा उभारायला घेतला. त्याचे पैसे संपले आणि सांगाडा तसाच राहिला. मग आले डोनाल्ड ट्रम्प. त्यांना शेजारच्या आपल्या कॅसिनोच्या लिमोझिन लावायला जागा हवी होती. यावेळी बोलीऐवजी सरकारी प्राधिकरणाची नोटीस आली, सक्तीच्या भूसंपादनाची, सुमारे अडीच लाख डॉलर घ्या आणि निघा. कोकिंगबाई कोर्टात गेल्या आणि १९९८ मध्ये जिंकल्या. जागा ट्रम्प यांच्या हाती गेल्यावर तिचं ते काय करतील यावर काही बंधनच नाही, मग यात सार्वजनिक हित कुठलं, असा न्यायाधीशांचा सवाल होता.

कनेटिकट राज्यातल्या न्यू लंडनच्या सुझेट किलो इतक्या नशीबवान ठरल्या नाहीत. नदीकाठचं त्यांचं गुलाबी घर नगरपालिकेला विकास आराखड्यासाठी हवं होतं. शेजारी फायझर कंपनीचं मोठं संशोधन केंद्र येत होतं, त्यामागून हॉटेलं, घरं, रोजगार आणि कर येतील असा हिशेब होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून २००५ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी किलो हरल्या. आर्थिक विकास हेही सार्वजनिक हितच, असं बहुमताने ठरवलं. निकालावर इतका गदारोळ झाला की चाळीसहून अधिक राज्यांनी आपले भूसंपादनाचे कायदे बदलले. गुलाबी घर उचलून दुसरीकडे नेलं गेलं. २००९ मध्ये फायझरने गाशा गुंडाळायचं ठरवलं आणि ज्या जागेसाठी एवढं रामायण झालं ती पुढे कित्येक वर्षं ओसाड पडून होती. कोकिंगबाईंच्या जिंकलेल्या घराचं तरी काय झालं? २०१४ मध्ये ते लिलावात ५ लाख ३० हजार डॉलरला गेलं, म्हणजे जुन्या बोलीच्या जवळपास निम्म्याला. त्याच वर्षी शेजारचा कॅसिनोही बंद पडला.

यात एक तिसरी जात असते, तिला विसरून चालणार नाही. न्यूयॉर्कमध्ये मेसीज या दुकानाला १९०१-०२ च्या सुमारास ३४ व्या रस्त्यावरचा अख्खा चौक हवा होता. कोपऱ्यावरचा एक चिंचोळा तुकडा मधल्या मध्ये दुसऱ्यानेच ३ लाख ७५ हजार डॉलरला उचलला. त्याला तिथे राहायचं नव्हतं, दुकान टाकायचं नव्हतं, फक्त अडवायचं होतं. मेसीजने तो कोपरा वगळून इमारत बांधली. १९११ मध्ये तोच तुकडा दहा लाखांना विकला गेला. शेवटचा तुकडा ज्याच्या हातात, त्याला वाटेल तो भाव सांगता येतो, हे अर्थशास्त्राने पुस्तकात लिहिण्याच्या कितीतरी आधी जमीन-दलालांना ठाऊक होतं. अडचण अशी की मेसफिल्डबाई आणि हा अडवणारा, दोघांचा ‘नाही’ बाहेरून सारखाच ऐकू येतो.

मुंबईत वळसा घालून बांधायची सोयच नाही. स्वतःच्या जमिनीवरचं घर असेल तर गोष्ट वेगळी. गिरगावच्या खोताच्या वाडीत लाकडी सज्ज्यांची मूळची साठेक घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत. पण जी आहेत ती मालकांनी ‘नाही’ म्हटलं म्हणूनच आहेत. सोसायटीत मात्र तिसऱ्या मजल्यावरचा एकच फ्लॅट शिल्लक ठेवून बाकीची इमारत पाडता येत नाही. एकाने कुलूप लावलं की तीस घरं अडकतात. त्यात कुणाच्या छतातून पावसाळाभर पाणी गळत असतं, कुणी लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर गुडघे धरून चढत असतं.

म्हणून इथे कायद्याने ‘नाही’ची किंमत वेगळ्या पद्धतीने ठरवली. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची लेखी संमती पुरते. त्याआधीची अट याहून कडक होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ पासून वारंवार सांगितलंय की सहकारी सोसायटीचं सभासदत्व घेतलं की सर्वसाधारण सभेचा निर्णय बांधील, अल्पमतातल्यांना तो एकट्याने अडवता येत नाही. मग बिल्डर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज करतो आणि कोर्ट रिसिव्हर पोलीस बंदोबस्तात फ्लॅटचा ताबा घेतो. हे वरचेवर होतं, त्याचे फोटो मात्र फिरत नाहीत.

याउलट गावाकडे खासगी कंपनीसाठी सरकारने जमीन घ्यायची तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. तुलना पुरती न्याय्य नाही. गावकऱ्याची जमीन कायमची जाते, सोसायटीतल्याला नवीन, मोठा फ्लॅट मिळणार असतो. मिळणार असतो, हे खरं. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांनाही तो मिळणार होता. २००८ मध्ये करार झाला, लोकांनी घरं रिकामी केली, पुढे बिल्डरकडून येणारं भाडं बंद झालं, प्रकल्प रखडला. २०१८ मध्ये म्हाडाने बिल्डरला बाजूला करेपर्यंत कित्येक म्हातारी माणसं भाड्याच्या घरातच गेली.

सही न करणाऱ्याला सोसायटीत काय काय ऐकावं लागतं ते बघण्यासारखं असतं. विशेष सर्वसाधारण सभा भरते, निर्देशांप्रमाणे व्हिडिओ शूटिंग चालू असतं, उपनिबंधक कार्यालयाचा माणूस कोपऱ्यात बसलेला. पीएमसीचा, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराचा, तरुण लॅपटॉपवर कार्पेट, कॉर्पस, शिफ्टिंगचे आकडे दाखवतो. मागच्या रांगेतून कुणी निवृत्त गृहस्थ उठतात, “बँक गॅरंटी किती टक्क्यांची? आणि भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधी मिळणार की घर सोडल्यावर?” सेक्रेटरी म्हणतात, “काका, ते ॲग्रीमेंटमध्ये येईलच की.” मागून आवाज येतो, “दरवेळी यांचंच काहीतरी असतं!” अरविंद अडिगा यांच्या ‘लास्ट मॅन इन टॉवर’ या २०११ च्या कादंबरीत वाकोल्यातल्या अशाच एका निवृत्त शिक्षकाचा शेवट बिल्डर करत नाही, शेजारी करतात. कादंबरी टोक गाठते, पण दबाव कुठून येतो हे तिने बरोबर हेरलंय.

नकार देणाऱ्यांची कारणं एकसारखी नसतात. तळमजल्यावरच्या दुकानदाराचं तीन वर्षांत गिऱ्हाईक तुटतं आणि नव्या इमारतीत रस्त्याकडचं तोंड मिळेलच असं नाही. त्याचा नकार चोख व्यवहारी असतो. कुठे भावाभावांत वारसाचा वाद असतो, मग सही करायची कुणी? ऐंशीच्या आजोबांना अकरा महिन्यांच्या करारावर दोन-तीनदा बिऱ्हाड हलवायचं नसतं, आणि आपण परत येऊ की नाही हेही ते मनाशी मोजत असतात. काहींना टेबलाखालून काही हवं असतं, हेही उघड गुपित. मेसीजच्या कोपऱ्याचे वंशज आपल्याकडेही आहेत. पण सगळ्यांनाच ‘आडमुठे’ या एका शिक्क्याखाली मोजणं सोयीचं असतं, विशेषतः ज्यांना ॲग्रीमेंट वाचायचा कंटाळा आहे त्यांना.

माझं मत असं की ५१ टक्क्यांचा उंबरठा चुकीचा नाही. मोडकळीला आलेली इमारत एकाच्या मर्जीवर टांगून ठेवता येत नाही. चूक दुसरीकडे आहे. त्याच निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी आणि दोन, फार तर तीन वर्षांत काम पुरं करण्याची मुदत सांगितली आहे. पण हे निर्देश मार्गदर्शक मानले जातात, बंधनकारक नाहीत. म्हणजे अल्पमतातल्याला घराबाहेर काढणारा भाग पोलिसांसकट अमलात येतो आणि त्याला घरात परत आणण्याची हमी देणारा भाग वाटाघाटीत सुटून जातो. महारेराही मुळात नवा फ्लॅट विकत घेणाऱ्या ग्राहकासाठी, जुन्या रहिवाशाला त्याचा आधार तोकडाच. गॅरंटी हातात पडल्याशिवाय ताबा मागता येणार नाही असं कायद्याने ठरवलं, तर निम्म्याहून जास्त ‘नाही’ आपोआप ‘हो’ होतील, असं मला वाटतं. मग उरतील ते टेबलाखालचे, त्यांच्याशी कोर्टाने काय ते बघावं.

तोवर ज्याला सही करायची नाही, त्याने घरात दार लावून बसू नये. सभेला जावं, आपला आक्षेप कॅमेऱ्यासमोर नेमक्या शब्दांत सांगावा, गॅरंटी, भाडं, मुदत यांवर लेखी प्रश्न द्यावेत आणि ते इतिवृत्तात जसेच्या तसे आलेत ना, हे पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याआधी वाचून घ्यावं. पोकळ भीतीपेक्षा नेमक्या कलमावर बोट ठेवणाऱ्याचं म्हणणं निदान सविस्तर ऐकलं जातं, आणि पुष्कळदा करारातलं ते कलम बदलूनही मिळतं.