मोटार फिरायलीय की!

नांदेडच्या एका बंद पडलेल्या कलर लॅबमधला रोलर प्रोसेसर लोहा-अहमदपूरच्या रस्त्याने टेम्पोतून लातूरला आला. घेणारा माझा मित्र. गंजगोलाईजवळच्या त्याच्या स्टुडिओत मागच्या खोलीत अजून डार्करूम आहे. बटण दाबलं की रोलर फिरायचे, पण प्रिंट निघायचे मळकट. चेहऱ्यावर कधी लालसर, तर कधी निळसर झाक. निगेटिव्ह तीच, फिल्टर तेच, तरी पाठोपाठच्या दोन प्रिंटमध्ये फरक.

अशा वेळी सगळे आधी केमिकलला दोष देतात आणि महागाची बाटली ओतून मोकळे होतात. पण दोन मिनिटांत केमिकल शिळं होत नाही. थर्मामीटरही ३५ अंशांवर स्थिर होता. राहिला तो वेळ.

रंगीत कागदाच्या आरए-४ पद्धतीत ३५ अंशांना डेव्हलपर ४५ सेकंद, ब्लिच-फिक्सही ४५ सेकंद. ट्रेमध्ये हाताने काम करताना आपण घड्याळ बघतो. या यंत्रात वेगळा टायमर नसतो. कागद रोलरच्या जोड्यांमधून एका टाकीत उतरतो, वर येतो, पुढच्या टाकीत जातो. तो डेव्हलपरमध्ये किती वेळ राहील, हे मोटारच ठरवते.

झाकण काढलं तर मूळ मोटार गायबच. तिच्या जागी गाडीच्या वायपरची मोटार, अँगल कापून केलेला ब्रॅकेट आणि एलईडी पट्ट्यांना लावतात तो १२ व्होल्टचा अडॅप्टर! जुगाड म्हणून काम नीटनेटकं होतं, वेल्डिंगसुद्धा सुबक. पण अशा कामाला शोभते ती सिंक्रोनस मोटार. तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी ५० हर्ट्झ जवळपास तेच राहतात, म्हणून तिचा वेगही तोच राहतो. (अमेरिकेतली ६० हर्ट्झची मोटार इथे लावली तर तीही वेग सोडणार नाही, फक्त सहाला पाच या हिशेबाने सावकाश फिरेल आणि ४५ सेकंदांचे ५४ होतील.) वायपरची मोटार डीसी. ताकद दांडगी, पण व्होल्टेज उतरलं किंवा ओझं वाढलं की मंदावते. पावसात काच पुसताना एक फेरी जरा उशिरा झाली म्हणून कोणाचं बिघडतं?

रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी ती बॅटरीला लावून पाहिली. म्हणाले, “मोटार फिरायलीय की, भाऊ! मग अडचण काय?” त्यांच्या परीने ते बरोबरच होते.

मग केमिकल काढून टाक्यांत साधं पाणी भरलं आणि दिवा लावूनच रद्दी कागदाच्या पट्ट्या सोडल्या. पट्टीचं टोक डेव्हलपरच्या टाकीत बुडालं की स्टॉपवॉच चालू, ब्लिच-फिक्सच्या पाण्याला टेकलं की बंद. एकटी पट्टी वेळेवर यायची. मागोमाग दुसरी सोडली की दोन्ही रेंगाळायच्या आणि त्याच क्षणी मल्टिमीटरवर मोटारीचे १२ व्होल्ट घसरून दहाच्या खाली जायचे. अडॅप्टर ओझ्याला पुरत नव्हता.

पण एवढं ओझं आलं कुठून? साखळी काढून रोलर हाताने फिरवले, तर दर फेरीला एकाच ठिकाणी अडत होते. गिअरच्या दातांत पांढरी खरड घट्ट बसलेली: वाळलेलं केमिकल आणि बोअरच्या पाण्याचे क्षार. आमच्याकडे पाण्याची तऱ्हा वेगळी सांगायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. रोलर बसवलेले रॅक लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने दात न् दात साफ केला आणि मग स्वच्छ पाण्याने भरपूर धुतला. आम्लाचा अंश राहिला तर डेव्हलपर मंदावतो. प्रत्येक टाकीच्या रॅकला बादली वेगळी ठेवावी. ब्लिच-फिक्सचे थोडे थेंब डेव्हलपरमध्ये पडले तरी तो वाया जातो.

मोठा अडॅप्टर लावून भागलं असतं, असं मिस्त्रींचं मत. मला ते पटलं नाही, कारण ओझ्याने डीसी मोटार थोडीफार दबणारच. शेवटी ५० हर्ट्झची, गिअरसह येणारी सिंक्रोनस मोटार बसवली. तीही कॅपॅसिटरवाली. मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी छोटी मोटार स्वस्त मिळते, पण ती सुरू होताना उलटी फिरेल की सुलटी याचा नेम नसतो. आपल्याला तर कागद पुढेच जायला हवा! स्प्रॉकेट बदलून पाण्यातली पट्टी ४५ सेकंदांवर आणली आणि एकटी असो वा जोडीने, ती तेवढ्याच वेळात येते हे पाहूनच केमिकल भरलं. मळकटपणा गेला, झाकही थांबली.

जुना प्रोसेसर घ्यायला जाल तेव्हा स्टॉपवॉच आणि रद्दी कागद सोबत न्या. टाक्यांत पाणी भरायला लावून पाठोपाठ चार पट्ट्या सोडा. विकणारा पाणी भरायला तयार नसेल, तर पैसे देऊ नका.