रेस घेते, पण ओढत नाही

कात्रजच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरला आली की इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर पळतो आणि वेग मात्र होता तिथेच राहतो. "रेस घेते, पण ओढत नाही," मालकांनी एवढंच सांगितलं. गाडी 2005 ची, चार गिअरची ऑटोमॅटिक. दोन ठिकाणी त्यांना बॉनेटही न उघडता 'गिअरबॉक्स बदला' असा सल्ला मिळाला होता. पुण्यात सातारा रस्त्यावरचे एक मिस्त्री आधी दुखणं शोधतात, असं मी ऐकलं होतं. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांवर लिहायचं ठरलं, तेव्हा मी थेट त्यांचं गॅरेज गाठलं. ही गाडी तिथेच आली होती.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमागची कल्पना जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांची. 1905 साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. जनरल मोटर्सचा 'हायड्रामॅटिक' हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये आला आणि क्लचचं पेडल गेलं. क्लच मात्र गेला नाही. तो गिअरबॉक्सच्या डब्यात शिरला आणि एकाचे अनेक झाले. एक अस्तराची प्लेट, एक पोलादी, अशी चळत असते. तेलाच्या दाबाने पिस्टन ती आवळतो आणि गिअर पकडतो. दाब कमी पडला की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की अस्तर जळतं.

मिस्त्रींनी हातात पहिल्यांदा घेतली ती डिपस्टिक. गाडी सपाट जागी, तेल गरम. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवून त्यांनी तो माझ्या नाकाशी धरला. लाल असायला हवं ते तपकिरी झालं होतं, करपलेला वास येत होता. "हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी उतरली म्हणजे कुठेतरी गळतंय," ते म्हणाले. इथे पातळी बरोबर होती.

मग त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. कोणत्या गिअरला कोणता क्लच आवळतो, ते त्यावर लिहिलेलं. सगळी मेख या तक्त्यात आहे. जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक 400 मध्ये तिसरा गिअर आणि रिव्हर्स एकाच क्लचवर चालतात. दोन्ही घसरले तर संशयित एकच उरतो. या गाडीत पहिला, दुसरा आणि रिव्हर्स पकडत होते, तिसरा-चौथा घसरत होते. या दोघांत सामाईक क्लच एकच. स्कॅनरवर पी 0733 हा कोड आला होता, म्हणजे तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. गेज लावला तर तेलाचा मुख्य दाब ठीक. म्हणजे पंप सुटला, संशय त्या एका क्लचवर आला.

"ब्रेक दाबून पूर्ण रेस द्यायची ती स्टॉल टेस्ट का नाही केली?" मी विचारलं.

"ती पहिल्या गिअरची परीक्षा घेते. दुखणं तिसऱ्यात आहे. उगाच जळकं तेल आणखी कशाला तापवू?"

चार दिवसांनी डबा खोलला. पिस्टनच्या सीलचं रबर वयाने कडक झालं होतं, त्याची कड बोटाने वाकेना. दाब तिथूनच निसटत होता. त्या चळतीतल्या प्लेटांचं अस्तर काळं पडलं होतं.

खरी अडचण इथून पुढे. नाना पेठेत नेहमीच्या गाड्यांचं सामान पटकन मिळतं. या सील-प्लेटांसाठी दिवसच्या दिवस फोन करावे लागले. तेल कंपनीने सांगितलेलंच हवं, नाहीतर प्लेटांची पकड बदलते. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात. कूलरमधला जळका गाळ धुऊन काढला नाही तर तो नव्या प्लेटांवर येऊन बसतो. तेलाचा दाब क्लचांना वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीजवळ पुसायच्या बनियन वेस्टला बंदी, कारण एक धागासुद्धा व्हॉल्व्ह अडकवू शकतो. एवढी निगुती शिकायला पोरं थांबत नाहीत, ही मिस्त्रींची खंत आहे. डबा बदलणं एका दिवसात जमतं. तक्ता वाचायला वर्षं लागतात. तो वाचणारे संपले, तर एका रबरी कडेपायी चांगल्या गाड्या भंगारात जातील, ही भीती आता मलाही वाटते.

तुमची गाडी रेस घेऊन ओढेनाशी झाली, तर तशीच दामटू नका. तेलाचा रंग-वास पाहा, कोणत्या गिअरला घसरते ते लिहून ठेवा आणि दाब मोजल्याशिवाय कुणालाही गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.