लक्ष्मीपूजन आणि क्षेमाची चिंता

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी घरोघरी आणि पेढीपेढीवर लक्ष्मीचे आवाहन होते. नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते, साळीच्या लाह्या व बत्तासे यांचा नैवेद्य दाखविला जातो, नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' ही अक्षरे उमटतात. अशा मंगल समयी आग, चोरी, महापूर यांची भाषा काढणे कित्येकांस अभद्र वाटेल. आम्हांस मात्र तसे वाटत नाही. आलेली लक्ष्मी स्थिर राहो, हेच तर या पूजेतील मागणे असते.

गीतेच्या नवव्या अध्यायात 'योगक्षेम' हा शब्द येतो. जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण होणे हे क्षेम, असा त्याचा अर्थ शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात केला आहे. १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य याच श्लोकातून घेतले, हे बहुतेकांस ठाऊक आहेच. परंतु स्वतःच्या आयुष्याचा हप्ता न चुकता भरणारा गृहस्थ घराच्या विम्याचे नाव काढताच हसतो. आणि दुकानाचा विमा असलाच, तर तो बहुधा बँकेने कर्ज देताना घ्यावयास लावलेला असतो. पूजा योगाची मनोभावे होते. क्षेमाकडे मात्र दुर्लक्ष होते.

जोखमीचे मोल आपल्या पूर्वजांस कळत नव्हते असे नाही. अरण्यमार्गाने जाणाऱ्या व्यापाऱ्याकडून शेकडा दहा आणि समुद्रमार्गाने जाणाऱ्याकडून शेकडा वीस व्याज घ्यावे, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. अलीकडचेच उदाहरण हवे असेल, तर मुंबईत किंग्ज सर्कलला गणेशोत्सव साजरा करणाऱ्या जीएसबी सेवा मंडळाचे पाहावे. या मंडळाने २०२४ च्या उत्सवासाठी सुमारे ४०० कोटी रुपयांचा विमा उतरविला होता. मूर्तीच्या सोन्याचांदीच्या अलंकारांमुळे आकडा एवढा फुगला असावा, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात त्यातील सर्वांत मोठा वाटा स्वयंसेवक, आचारी, पुजारी, पहारेकरी अशा राबणाऱ्या माणसांच्या अपघात-विम्याचा होता. देवाच्या दागिन्यांहून देवाच्या सेवेकऱ्यांची चिंता अधिक वाहिली गेली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आता त्या रात्रीविषयी. पूजा आटोपली की दुकानदार समई तेवत ठेवतो, फळी लावतो आणि घरी फराळाला जातो. लक्ष्मीपुढील दिवा मालवू नये ही भावना आम्ही जाणतो. पण भोवती कापडाचे तागे, पुठ्ठ्याची खोकी, झेंडूची वाळू लागलेली तोरणे, आणि पाहावयास कोणी नाही! तेलाच्या वासाने उंदीर वात ओढून नेतो, हे जुन्या घरांतील स्त्रियांस चांगले ठाऊक असते. दिवा रात्रभर ठेवावयाचाच असेल तर तो पसरट परातीत वाळूवर, काचेच्या आवरणात ठेवावा, आणि त्याच्यापाशी कोणीतरी जागे असावे. ते शक्य नसेल तर ती ज्योत घरी देवघरात न्यावी. त्यात श्रद्धेला बाध येतो असे आम्हांस वाटत नाही.

घरात आकाशकंदील, दिव्यांच्या माळा आणि फराळाची शेगडी यांवर नजर हवी. एकाच प्लगमधून चारचार वायरी काढू नयेत. वीजगळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसविलेले असावे. घरासाठी ते तीस मिलिअँपिअरचे घेतात. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलावयाची असते, तिच्यावरचा छापील दिनांक कितीजण पाहतात? गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण लावू अथवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. वाड्यांत व चाळींत जिन्याखालच्या मीटरपाशी अडगळ रचण्याची जी खोड आहे, तिच्याविषयी न लिहिलेलेच बरे.

इतके करूनही संकट येतेच. तेथे विमा उपयोगी पडतो. पण तो समजून घेतलेला असेल तरच. 'आगीची पॉलिसी' या नावामुळे तिच्यात केवळ आगच येते असा समज आहे. चिपळूणच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ रोजी पुराचे पाणी शिरले आणि दुकानांतील माल मातीमोल झाला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' ही घरांसाठी आणि 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही एका ठिकाणी पाच कोटी रुपयांपर्यंत मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी, अशा ठरावीक स्वरूपाच्या पॉलिसी देशभर लागू झाल्या होत्या. आगीबरोबर पूर, वादळ, भूकंप हेही त्यांत समाविष्ट आहेत. दागिने मात्र गृह रक्षेत आपोआप येत नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात. आणि कुलूप फोडून झालेल्या चोरीसाठी निराळी पॉलिसी घ्यावी लागते.

दुकानदारांनी एक हिशेब नीट ध्यानात घ्यावा. दहा लाखांचा माल असता विमा पाच लाखांचाच असेल आणि दोन लाखांचे नुकसान झाले, तर भरपाई दोन लाख मिळत नाही, एकच लाख मिळते. उरलेल्या अर्ध्या जोखमीचा विमेदार स्वतःच असतो, असे कंपनी मानते. पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट सूक्ष्म उद्यमाच्या पॉलिसीत माफ असते, त्याहून अधिक नाही. (घराच्या पॉलिसीस हा नियम लागत नाही.) आणि दुकान मालाने सर्वाधिक भरलेले असते ते दिवाळीतच! पावसाळ्यापूर्वी लिहिलेली रक्कम तेव्हा कशी पुरावी? सणापूर्वी कंपनीस कळवून, थोडा जादा हप्ता भरून ती वाढवून घेता येते.

दुर्घटना घडल्यास अग्निशमन दलास १०१ वर कळवावे, विमा कंपनीस त्याच दिवशी वर्दी द्यावी, आणि सर्वेक्षक येईपर्यंत जळका अथवा भिजलेला माल फेकून देऊ नये. मालाची किंमत खरेदीच्या पावत्यांवरून व साठ्याच्या वहीवरून ठरते. ज्या वह्यांची आपण पूजा करतो त्या, आणि बहुधा पॉलिसीही, त्याच दुकानाच्या कपाटात असतात. माल जळाला तर पुरावाही जळतो. यंदा नव्या वहीवर हळदकुंकू वाहण्यापूर्वी जुन्या वहीची, पावत्यांची आणि पॉलिसीची एकेक प्रत घरी नेऊन ठेवावी.