रोहिणी आणि तिचा शकट

चैत्र-वैशाखातल्या एखाद्या निरभ्र संध्याकाळी गोरेगावच्या बाहेर बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहावे. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याची रेघ उजवीकडे वाढवीत नेली म्हणजे नारिंगी रंगाचा एक ठसठशीत तारा लागतो. हीच रोहिणी. तिच्या लगत मंद ताऱ्यांचा एक लहानसा कोन दिसतो आणि त्या कोनाच्या एका टोकाला ती स्वतः असते. आपल्या पूर्वजांना या आकृतीत गाडा दिसला; त्यांनी तिला रोहिणीशकट म्हटले.

धानाच्या या मुलखात रोहिणीचे नाव आकाशापेक्षा पावसाशीच अधिक जोडलेले आहे. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागली की शेत तयार करण्याची घाई, आणि मग मृगाची वाट. गंमत अशी की, ज्या पंधरवड्यात घरोघर रोहिणीचे नाव निघते त्याच पंधरवड्यात तो तारा दिसत नाही. सूर्य त्याच्याच बाजूला असतो.

पावसावर जगणाऱ्या माणसाला या गाड्याची भीतीही वाटत आली. शनी किंवा मंगळ शकट भेदून गेला तर लोकांचा क्षय होतो, अशी समजूत होती. बारा वर्षांचे अवर्षण टळावे म्हणून दशरथाने शनीला वाटेत अडविल्याची कथा पुराणात आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ धरून रचलेल्या ‘ग्रहलाघवा’त या भीतीला गणिताने उत्तर दिले. चंद्र हा शकट भेदतो. परंतु शनी-मंगळांच्या कक्षांचे पात सध्या जेथे आहेत तेथे असेपर्यंत त्यांच्याकडून हे घडणार नाही, असे त्यांनी सांगितले. पाचशे वर्षांपूर्वीच्या पंचांगकर्त्याने घरोघरच्या भयाला असे आकडे मांडून उत्तर द्यावे, हे मला फार मोलाचे वाटते.

पण मुळात गाडा आहे तरी कोठे? रात्री शेतात उभे राहिले असता जवळच्या झोपडीतला कंदील आणि दूरच्या गावाचे दिवे एका रांगेत दिसतात. दहा पावले बाजूला सरकले की कंदील रांगेतून निसटतो, दूरचे दिवे मात्र जागच्या जागी राहतात. ज्योतिषीही हेच करतात. त्यांची दहा पावले म्हणजे पृथ्वीच्या कक्षेचा तीस कोटी किलोमीटरांचा व्यास. या मापाने रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर ठरते, तर शकटातले बाकीचे तारे सुमारे १५० प्रकाशवर्षांवर. रोहिणी हा झोपडीतला कंदील आहे! आणि शनी? त्याचा प्रकाश आपल्याकडे दीड तासाच्या आत पोचतो. तो शकटातून जाताना दिसला तरी गाड्याच्या वाटेलाही जात नाही.

चालीवरूनही हेच दिसते. १७१८ साली एडमंड हॅली याने ग्रीकांच्या नोंदींशी आपली वेधे ताडून पाहिली. चंद्राने रोहिणीला झाकल्याची अथेन्समधली इ. स. ५०९ ची नोंदही त्याच्यापुढे होती. रोहिणी आपल्या जुन्या जागेवर राहिली नव्हती. पुराणात ती चंद्राची लाडकी राणी. त्याच चंद्राने तिची चाल उघडकीला आणण्यास हातभार लावावा! दर वर्षी एक पंचमांश विकला, म्हणजे चंद्रबिंबाएवढी जागा सरकण्यास नऊ हजार वर्षे, असा तिचा वेग आहे. ती सरकते मुख्यतः दक्षिणेकडे. शकटातले बाकीचे तारे पूर्वेकडे चालले आहेत. १९०८ साली लुईस बॉस याने दाखवून दिले की, रेल्वेचे रूळ दूरवर जुळताना दिसतात तशा या ताऱ्यांच्या वाटा आकाशातल्या एका बिंदूकडे जाताना दिसतात. म्हणजे हा एकत्र जन्मलेला, एकत्र चालणारा ताऱ्यांचा मेळा आहे. रोहिणी त्या मेळ्यातली नाही.

तिच्या रंगाचे कारण तिच्या वयात आहे. वस्तुमान सूर्याहून थोडेसेच अधिक, परंतु गाभ्यातला हायड्रोजन संपल्यामुळे ती फुगत गेली आणि तिचा व्यास सूर्याच्या सुमारे ४४ पट झाला. पृष्ठभाग निवून ३,६०० अंशांच्या आसपास आला. म्हणून ती नारिंगी.

दुर्बिणीतून पाहिले तर रोहिणीच्या अगदी शेजारी आणखी काही फिकट ठिपके दिसतात. त्यांतले दोन तारे परस्परांभोवती फिरणारे जोडपे आहेत. परंतु तेही रोहिणीचे नव्हेत, मागच्या मेळ्यातलेच. उलट, एका खुजा तांबड्या ताऱ्याचे अंतर आणि चाल रोहिणीशी जवळजवळ जुळते. तिचा खरा सोबती कोणी असेल तर तो हाच, आणि तो इतका मंद आहे की नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही.